मी जिंकलो, असं आयकर खातं म्हणतं

आयुष्यात मी काही जिंकल्याची सरकारदरबारी एकच नोंद आहे. शाळेत लिंबू-चमच्यात तिसरा आलो होतो, पण ते प्रमाणपत्र वाळवीने खाल्लं. ही नोंद वाळवीच्या आवाक्याबाहेर, आयकर खात्याच्या संगणकात माझ्या पॅनखाली बसली आहे : ऑनलाइन गेममधून जिंकलेली रक्कम, रुपये १४,०००. आणि ती माझ्याआधी हिने वाचली.

आमचं विवरणपत्र खालच्या मजल्यावरचा सीए मुलगा भरतो. मी त्याला सायकल शिकवली होती, म्हणून पाचशे रुपयांत भरतो. हिला मुदत ठेवींच्या व्याजाचं काही विचारायचं होतं, म्हणून या खेपेला हीही बरोबर आली. पोराने माझं एआयएस उघडलं. नोव्हेंबर २०२१ पासून खात्याने हे प्रकरण सुरू केलंय. तुमच्या बचत खात्याचं व्याज, लाभांश, शेअरची विक्री, जे जे तुम्ही विसरला आहात किंवा विसरू इच्छिता ते सगळं त्यात असतं. पोराने स्क्रीन आमच्याकडे वळवला आणि निरागसपणे विचारलं, "काका, रमी का?"

ही म्हणाली, "चौदा हजार जिंकलात? मग कुठायत?"

इथे माझी खरी पंचाईत झाली. हरलो हे लपवण्याची तयारी माझ्याकडे दोन वर्षं होती. जिंकलो हे कसं लपवायचं, याचा विचारच केला नव्हता. हिच्या डोळ्यांत मी आता पत्ते कुटणारा नवरा नव्हतो, चौदा हजार परस्पर दडवणारा नवरा होतो.

"अगं, जिंकलो म्हणजे तसं नाही. हरलोच आहे," मी म्हणालो.

"सरकार खोटं बोलतंय का मग?"

सरकार खोटं बोलत नव्हतं. २०२३ च्या वित्त कायद्याने ऑनलाइन खेळांसाठी कलम ११५ बीबीजे आणलं. हिशेब असा : वर्षभरात ॲपमधून जेवढे काढले, त्यातून त्याच वर्षी भरलेले आणि वर्षाच्या सुरुवातीला खात्यात असलेले वजा करायचे. वर्षअखेरीला काही शिल्लक असेल तर ती मिळवायची. उरलं ते निव्वळ जिंकणं, त्यावर सरळ ३० टक्के. २०२४-२५ मध्ये मी सहा हजार भरले आणि वीस हजार काढले. आगेमागे शिल्लक शून्य. झाले चौदा. त्यावर ४,२०० रुपये ॲपवाल्यांनीच टीडीएस म्हणून कापले आणि बँकेत आले १५,८००. म्हणजे वीस, चौदा आणि पंधरा-आठशे असे तीन आकडे. हिने तिन्ही कागदावर मांडले आणि म्हणाली, "यातला खरा कुठला ते एकदा ठरवा."

तिन्ही खरे होते. पण सगळ्यांत खरा चौथा आकडा होता आणि तो एआयएसवर कुठेच नव्हता. आदल्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, मी याच ॲपवर ३१,५०० रुपये गमावले होते. ते खात्याच्या लेखी घडलेच नाहीत. पत्त्यांतला तोटा दुसऱ्या कुठल्या उत्पन्नातून वळता होत नाही आणि पुढच्या वर्षात ओढताही येत नाही. शर्यतीचा घोडा पाळणाऱ्याला मात्र कलम ७४ अ प्रमाणे आपला तोटा चार वर्षं पुढे नेता येतो, घोड्याच्याच कमाईतून वळवायला. महालक्ष्मीला एखादा घोडा बांधला असता तर आज मानाने हरलो असतो. ब्लॉकमध्ये बसून तेरा पत्ते लावणाऱ्याला कायद्याची काही सहानुभूती नाही.

आता हिच्यापुढे मी हरलेला आहे हे सिद्ध करायला एकच पुरावा होता, बँकेचं स्टेटमेंट. ते मीच मागवलं. पॅन भरला, पासवर्ड टाकला, पीडीएफ उतरवली आणि स्वतःविरुद्धचा पुरावा पोराच्या प्रिंटरवर छापून घेतला. पानामागून पान बाहेर पडत होतं. यूपीआय, डीआर, ५००. यूपीआय, डीआर, ५००. यूपीआय, डीआर, २००. मध्ये दुधाचं बिल, लगेच परत ५००. पैसे घेणाऱ्याच्या नावाजागी कुठल्याशा पेमेंट गेटवेचं आखूड नाव होतं, त्यामुळे मी इतके दिवस ते 'मोबाइल रिचार्ज' म्हणून खपवलं होतं.

ही रकमा वाचतच नव्हती. ती तारखा वाचत होती.

"२९ जून. आषाढी. तुम्ही म्हणालात उपास आहे, मी जरा पडतो." पुढचं पान. "१२ नोव्हेंबर. अहो, हे लक्ष्मीपूजन! मी पाटावर नोटा मांडत होते तेव्हा?"

तेव्हाच. तिन्हीसांजेला, एक हजार. घरात लक्ष्मी येत असताना मी तिला मागच्या दाराने वाटेला लावत होतो.

मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच सांगितलंय की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नव्हे.

"असं?" ही म्हणाली. "मग तुम्ही हरता कसे?"

पोरगा खाली मान घालून हसू दाबत होता. मी त्याला म्हटलं, एआयएसवर हरकत घेता येते ना, घेऊन टाक. त्याने पर्याय दाखवले : माहिती बरोबर आहे, माहिती पूर्णतः बरोबर नाही, माहिती दुसऱ्या पॅनची आहे, दोनदा नोंदली आहे, माहिती नाकारतो. 'माहिती बरोबर आहे, पण घरी सांगू नका' हा पर्याय खात्याला सुचलेला नाही. मी 'नाकारतो'वर बोट नेलं, तर पोरगा म्हणाला, "काका, बँकेत पैसे आलेत. नाकारून काय होणार?"

मग त्याने दुसरी बातमी दिली. आयटीआर-१, ज्याचं सरकारी नाव 'सहज', तो आता मला चालणार नव्हता. अशी कमाई असली की आयटीआर-२. त्याची फी दीड हजार, सायकल शिकवली असली तरी. शिवाय टीडीएस कापताना चार टक्के सेस धरलेला नसतो, त्याचे १६८ रुपये वेगळे भरायचे. एकवीस हजार सातशेला खड्ड्यात गेलेल्या माणसाने जिंकल्याबद्दल वर १६८ रुपये दिले. चलनाची पावती हिने फायलीला लावली.

त्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची सहीही झाली. हिने बातमी मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू संसदेचं अधिवेशन तिनेच बोलावलं होतं. मला विचाराल तर कायदा दोन वर्षं उशिरा आला.

तुम्हीही कधी हौसेने दोन-चार डाव खेळला असाल, तर विवरणपत्राच्या हंगामाआधी एक काम करा. आपलं एआयएस स्वतः उतरवा. फाइलचा पासवर्ड म्हणजे छोट्या लिपीतला पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख. ते एकट्याने, दार लावून वाचा आणि मगच सीएकडे जा. जाताना बरोबर कोणाला नेऊ नका.