विंचवाचं बिऱ्हाड आणि आग्नेय दिशा

गाडी तात्यांच्या रानाकडेला थांबली, दार उघडलं, खालून पायरी आपोआप सरकत बाहेर आली, आणि कन्हेरीच्या मातीला पाय लागायच्या आधी पाहुण्यांनी विचारलं, "आग्नेय कुठं?"

पाणी कुठं, सावली कुठं, झालंच तर मारुतीचं देऊळ कुठं, असं काही नाही. थेट आग्नेय. तात्यांनी आयुष्यात पुष्कळांना वाट दाखवली, पण आग्नेय विचारत आलेला माणूस त्यांना पहिलाच. त्यांना वाटलं, पाहुणं घर बांधायच्या विचारात आहेत आणि चूल कुठं मांडायची ते ठरवतायत.

पाहुणे म्हणजे आमचे साडू. पुण्याला असतात. एवढं सांगितलं की बाकीचं तुम्हाला कळलंच. यंदाच्या दिवाळीत त्यांना 'सगळ्यापासून लांब' जायचं होतं, म्हणून ते सगळं बरोबर घेऊन आले होते. चार जण झोपतील एवढी गाडी, आत शेगडी, फ्रीज, संडास, आणि भिंतीवर हातभर टीव्ही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. यांचं भाड्याचं होतं, वर किलोमीटरचे पैसे वेगळे.

आता आग्नेय कशाला, ते सांगतो. फुकटची चॅनेलं जिथून पडतात तो उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर, विषुववृत्ताच्या डोक्यावर, जमिनीपासून जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर आहे. आपली बारामती ७४.५ अंशांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडून बघायचं तर तोंड आग्नेयेला आणि मान साधारण साठ अंश वर. तो पृथ्वीच्याच चालीनं फिरतो, म्हणून आपल्याला जागचा हललेला दिसत नाही. घरच्या गच्चीवर एकदा छत्री आवळली की दहा वर्षं विसरा. पाहुण्यांची अडचण अशी, की ज्यानं गाडी भाड्यानं दिली त्या शहाण्यानंही छत्री तशीच आवळलेली. टपावर, चार बोल्टांनी, कायमची. छत्री फिरत नाही. म्हणजे टीव्ही लावायचा तर घर फिरवायचं. वर गरागरा फिरणारा उपग्रह एका जागी उभा आणि खाली मुक्कामाला आलेली गाडी तासभर गोल गोल फिरतेय, हा देखावा आमच्या अख्ख्या आळीनं पाहिला.

दिशा शोधायला पाहुण्यांच्या फोनमध्ये होकायंत्र होतं. ते उघडलं तर म्हणालं, आधी मला नवीन करा. नवीन करायला इंटरनेट हवं. इंटरनेटला रेंज हवी. रेंज कुठल्या बाजूला आहे ते कळायला टॉवरची दिशा हवी. दिशेसाठी होकायंत्र. शेवटी तात्यांनी मावळतीकडं पाठ केली, उजवा हात पुढं धरला, जरा उजवीकडं वळवला आणि म्हणाले, "ही घ्या आग्नेय. माझा उकिरडा हाय बघा, त्येच्या डोक्यावर."

आणि खरंच होता. छत्रीचं तोंड गाडीच्या ज्या अंगाला, त्याच अंगाला दार. छत्री आग्नेयेला म्हणजे दार आग्नेयेला, आणि दार आग्नेयेला म्हणजे दार उकिरड्याला. गाडीच्या दुसऱ्या अंगाला ही भली मोठी काच, निसर्ग बघायला खास बसवलेली. तिच्यासमोर कडुनिंब, त्यापलीकडं उसाचा हिरवागार पट्टा. पण तिकडं कुणी बसेना, कारण टीव्ही बघायचा तर काचेकडं पाठ करावी लागे. तीन दिवस आमच्या साडूंनी सकाळचा चहा उकिरड्यासमोर खुर्च्या मांडून घेतला. साडूबाईंनी एकदा भीत भीत सुचवलं, गाडी जरा निंबाखाली घेऊ या का? तर पाहुणे म्हणाले, फांद्या आड येतात. सावली हवी की मालिका, एकच मिळेल. साडूबाईंच्या सासूबाई आतून म्हणाल्या, मालिका. विषय संपला. आपल्याकडं घर घेताना लोक आग्नेयेच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर आलं नाही म्हणून लाखाची भिंत पाडतात. इथं अख्खं घर आग्नेयेला लोटांगण घालत होतं आणि त्यात शास्त्र एवढंच, की रात्री आठ वाजता त्या मालिकेतल्या सुनेला घराबाहेर काढणार होते. तिला घर नाही म्हणून या सासूबाई चाकावरच्या घरात डोळे पुसत होत्या.

पण हे पुढचं. पहिल्या संध्याकाळी आग्नेय सापडूनही पडद्यावर निळा अंधारच. पाहुणे टपाकडं बघून हातवारे करतायत, सासूबाई आतून ओरडतायत, "आलं... गेलं... आलं नाही हो!" या घोषणा मी पूर्वी प्रत्येक गच्चीवरून ऐकल्यात. ज्याच्या घरी अँटेना होता त्याच्या गळ्याला त्या पाठ आहेत. तेवढ्यात समोरच्या पडीक रानातून एक पोर आली. बारा-तेरा वर्षांची, ऊसतोडीच्या टोळीतली. दिवाळीच्या तोंडावर टोळी येऊन पडली होती. टायरगाड्या एका रांगेत सोडलेल्या, पलीकडं दहा-पंधरा कोप्या, आणि त्यातल्या एका कोपीशेजारी बांबूला बांधलेली, बुडाशी दगड रचलेली एक छत्री. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर तिचा टीव्ही केव्हाचा चालू होता. पोरीनं एकदा आपल्या छत्रीकडं बघितलं, एकदा पाहुण्यांच्या, आणि म्हणाली, "तुमची गाडी कललीय काका. ह्या चाकाखाली ईट घाला." पाहुण्यांनी तिला समजावलं, की यात उपग्रह, अंश, असं बरंच काही असतं. तात्यांच्या मुलानं तोवर वीट आणली. गाडी विटेवर चढली, आणि आतून सासूबाई म्हणाल्या, "आलं!"

खरं तर कळायला सोपं आहे. छत्री दोन-तीन अंश जरी हुकली तरी पडदा निळा. रानाला उतार, गाडी उतारावर, म्हणजे मान खाली गेली. पण हे कळायला दर हंगामात नव्या रानात कोपी उभी करून पहिल्या रात्री छत्री लावावी लागते. पोरीचा हा अनुभव किती वर्षांचा, मी विचारलं नाही. तिच्या वयाइतकाच असणार.

टीव्ही झाला, राहिलं इंटरनेट. पाहुण्यांच्या मुलाला 'काम' होतं. काम म्हणजे बोटानं वर ढकलायचं. हातात मावणारा एक राऊटर होता, तो आत ठेवला की एक रेघ, टपावर ठेवला की चार. म्हणून मुलगा राऊटर घेऊन टपावर बसला. बसला कुठं? छत्रीच्या तोंडासमोर. खाली सुनेला घराबाहेर काढता काढता चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि सासू तोंड उघडं टाकून गोठली. आतून आरोळी आली, "अरे, उठ तिथनं, तू आग्नेयेला बसलायस!" आमच्या भागात माणसाला कुणाच्या वाटेत, कुणाच्या बांधावर, कुणाच्या डोळ्यात बसल्याबद्दल शिव्या बसलेल्या मी ऐकल्यात. आग्नेयेला बसल्याबद्दल प्रथमच. शेवटी राऊटर काठीला बांधून टपाच्या मागच्या टोकाला उभा केला. खालून पाहुण्यांनी सांगितलं, परदेशात म्हणे टपावर एक चपटी पाटी ठेवतात, साडेपाचशे किलोमीटरवरून जाणाऱ्या उपग्रहांशी ती स्वतःच बोलते, काही फिरवावं लागत नाही. तात्या म्हणाले, "मग काय, उकिरडाबी दिसायचा न्हाय."

एके काळी या रस्त्यांनी करमणूक फिरायची आणि माणूस जागेवर असायचा. जत्रा आली की टुरिंग टॉकीजचा ट्रक यायचा, तंबू लागायचा, तमाशाचा फड यायचा, राहुट्या पडायच्या. बघणारा घोंगडी घेऊन चालत यायचा. आजही आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचं रिंगण होतं, मग सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर. लाखभर माणसं बिऱ्हाड ट्रकात टाकून चालतात. मोबाइल त्यांच्याकडंही असतात. दिंडीच्या ट्रकात एका बोर्डाला वीस चार्जर लोंबकळताना मी बघितलेत. पण मुक्कामाची जागा अजून तरी पाणी बघून ठरते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ आलं. हा भाग पर्जन्यछायेतला. इथं ढग दिसला की माणसं काम थांबवून वर बघतात. तात्यांची ज्वारी हातभर वर आलेली, परतीच्या एका पावसावर सगळं अडलेलं. पाऊस आला. चांगला अर्धा तास पडला. तात्या ओसरीत उभे राहून बोलेनात, नुसते बघत राहिले. आणि पाऊस जोराचा असला की उपग्रहाच्या लहरी वाटेतच विरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. दारातून पाहुण्यांनी मान बाहेर काढली आणि म्हणाले, "शी! सिग्नल गेला."

मी हसलो. इथवर मी हसतच होतो.

संध्याकाळी पाऊस उघडला. समोर कोप्यांमध्ये पाणी शिरलेलं. बाया वाकळा पिळून टायरगाडीच्या दांड्यांवर टाकत होत्या, चुली पेटत नव्हत्या, धूर नुसता. पाहुणे कॉफीचा पेला घेऊन बघत उभे राहिले आणि मनापासून हळहळले, "कशी राहत असतील हो ही माणसं, नेटशिवाय?"

नेटशिवाय. पाण्याशिवाय नाही, संडासाशिवाय नाही, दाराला कडी नसलेल्या पाचटाच्या घरात वयात आलेल्या पोरीला घेऊन कशी राहतात, ते नाही. २०२१ साली आपल्याकडं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं. चाकावरच्या घराला थांबायला जागा लागते, पाणी लागतं, वीज लागते, सांडपाण्याची सोय लागते, हे त्यामुळं कागदावर आलं. फार चांगलं झालं. फक्त चाकावरची घरं त्या साली पहिल्यांदा निघाली, असं ज्यांना वाटलं त्यांनी एकदा दिवाळीच्या सुमाराला नगर-बीडकडून येणाऱ्या रस्त्यावर उभं राहावं. आष्टी, पाथर्डीकडून गाड्या भरभरून घरं येतात. भांडी, पेट्या, कोंबड्या, म्हातारी, तान्हं, वर बांधलेली छत्री. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस ताप आला तर खाडा, तो खाडाही उचलीत वळता. पहाटे अंधारात फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, वाहायच्या, आणि परत येऊन पाण्याचा हंडा कुणाच्या विहिरीवरून आणायचा ते विचारत हिंडायचं. हे सहा महिने. यांच्या पर्यटनाला किलोमीटरचा दर नाही. यांच्या फिरत्या घराला प्लग कुठं लावायचा, घाण पाणी कुठं सोडायचं, याचं कलम कुणाला सुचलं नाही, कारण जो मजेसाठी घर घेऊन फिरतो तो पर्यटक आणि जो पोटासाठी घर घेऊन फिरतो ती टोळी. एकाला गाव म्हणतं, या, बसा. दुसऱ्याला म्हणतं, कडेच्या पडीक रानात थांबा, आणि विहिरीला हात लावायच्या आधी विचारा. आणि आमचंही तेच. माझीच विहीर होती ती. शेतकऱ्याची रड सांगायची तर ती वेगळीच: ई-पीक पाहणीचा फोटो स्वतःच्या रानात उभं राहून काढायचा आणि तो वर चढवायला रेंज शोधत बांध तुडवायचा, म्हणून मी स्वतः पाच-सहा वेळा संतापून काहीबाही लिहिलंय. कोप्यांबद्दल या सदरात आजवर एक ओळ नाही. तपासून बघा.

असो. तिसऱ्या रात्री पाहुण्यांच्या गाडीतून आरडाओरडा ऐकू आला. आठ वाजताच दिवसभराचा डेटा संपलेला. आदल्या दिवशीही तसंच झालं होतं. पाहुण्यांनी कंपनीला फोन लावला, एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा केलं, आणि पलीकडच्या मुलीला अर्धा तास सांगितलं, की आम्ही चारच माणसं आहोत, एवढा डेटा आम्ही खाणं शक्यच नाही, ही शुद्ध चोरी आहे. ती बिचारी म्हणाली, सर, एकतीस फोन जोडलेले दिसतायत.

पाहुण्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. काचेच्या बाजूनं नाही, उकिरड्याच्या. अंधारात समोर कोप्यांच्या रांगेत इथं तिथं निळसर उजेड होता. राऊटर काठीला उंच बांधलेला. आणि त्याचा पासवर्ड, गाडी भाड्यानं देणाऱ्या त्या शहाण्यानं, कुणी विसरू नये म्हणून गाडीचा नंबरच ठेवला होता. तो गाडीवर पुढं लिहिलेला होता आणि मागंही.

पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. भिगवणकडं वळताना छत्री उत्तरेला का कुठंतरी बघत होती. तात्यांनी वीट उचलून परत ओसरीत नेली.

दुपारी मी रानात निघालो, तर ती पोर रस्त्यात आडवी आली. म्हणाली, "काका, तुमच्या गाडीचा नंबर काय?"