मागील बाकी

बारावी सायन्सचं पोरगं घरात असलं की घराला सुतक नसतं, पण टीव्ही बंद असतो. कडेगावात आमच्या थोरल्याच्या घरी सध्या हेच चाललंय. पुतण्या कॉटवर आडवा, छातीवर पुस्तक, तोंडात इंटिग्रेशन.

खरं तर साध्या बैजिक फलांचं इंटिग्रेशन पाढ्यांहून सोपं. एक्सचा घात एकानं वाढवायचा आणि वाढलेल्या घातानं भागायचं. एक्सच्या वर्गाचं झालं एक्सचा घन भागिले तीन. घात उणे एक असला तर मात्र भागायला शून्य येतं, मग लॉगचे पाय धरायचे. सतराव्या शतकात इटलीच्या काव्हालिएरीनं हे नवव्या घातापर्यंत करून ठेवलं. लांबुळक्या एसचं चिन्ह लायब्निझनं २९ ऑक्टोबर १६७५ ला कागदावर काढलं आणि पोरांच्या झोपा उडवल्या.

घोडं अडतं ते शेवटच्या ‘अधिक सी’पाशी.

“काका, ह्यो सी आला कुठनं? गणितात तर नव्हता!”

मी दुकानाची वही पुढं केली. महिनाभर रोज काय आणलं ते सगळं लिहिलेलं. बेरीज होते, पण देणं किती ते कळत नाही, कारण पानाच्या डोक्यावर ‘मागील बाकी’ असते. डेरिव्हेटिव्ह काढताना स्थिर संख्या उडून जाते. इंटिग्रेशन करत उलट येताना ती किती होती याचा पुरावा उरत नाही. म्हणून सी लिहून आपण मोकळे. दुकानदार तेवढा उदार नसतो.

“म्हंजी सी म्हंजी उधारी?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. “कुणाची उधारी?” वहिनी.

विषय बदलणं भाग होतं, म्हणून मी मोहरमच्या ताबुतांवर आलो. आमच्याकडं गगनचुंबी ताबूत बांधतात ते आधी कळस, मग पाया. पाहुणे चक्रावतात. गणितवाला चक्रावणार नाही. निमुळत्या आकाराचं घनफळ काढताना तोही टोकच शून्य धरतो. टोकापासून एक्स अंतरावरचा छेद एक्सच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि खालची मर्यादा शून्य असल्यानं वजाबाकीही वाचते. उत्तर, पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची भागिले तीन. (ताबूत इतका सरळसोट निमुळता नसतो, हे कारागिरांनी मनावर घेऊ नये.) मर्यादा दिल्या की सी आपोआप कटतो, हे ऐकून पुतण्या उठून बसला.

तेव्हा पालकांनो, पोराला चहा द्या, सल्ला नको. उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढून मूळ गणित आलं की बरोबर, हे त्याला ठाऊक असतं. सी लिहिलाय का, तेवढं मात्र विचारा. राहिलेला सी त्या पडताळ्यात सापडत नाही.