पुढं व्हा भाऊ!

नेतृत्वगुण वाढवण्याचे वर्ग आता आमच्या यवतमाळातही निघाले आहेत. समोरच्याच्या डोळ्यांत बघा, हात घट्ट दाबा, आवाज पोटातून काढा, असं तिथं शिकवतात. आवाज पोटातून काढण्याची विद्या कापूस विकायला गेलेल्या प्रत्येकाला आमच्याकडं येतेच. तरी भाव काही वाढत नाही. तेव्हा प्रभाव नावाची चीज पोटाच्या आणखी कुठंतरी पलीकडं राहत असावी.

या जिल्ह्याला पाण्याची टंचाई पडली, पुढाऱ्यांची कधी नाही. वणीत जन्मलेले माधव श्रीहरी अणे, म्हणजे आपले लोकनायक बापूजी, यवतमाळात वकिली करत. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. आमच्याकडं समुद्र नव्हता, पण जंगल होतं आणि त्यावर सरकारचा कायदाही होता. अण्यांनी १० जुलैला पुसदच्या राखीव जंगलात गवत कापलं आणि तुरुंगात गेले. वकिलानं कापलेलं गवत ते किती असणार! एका शेळीची न्याहारीही झाली नसेल. पण विळा त्यांनी स्वतःच्या हातात धरला होता, म्हणून मग विदर्भात ठिकठिकाणी विळे निघाले.

त्याच पुसद भागातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ सलग मुख्यमंत्री होते. त्यांच्या हातात पाईप असायचा. पाईप भरायचा, पेटवायचा, विझला की पुन्हा पेटवायचा; तेवढ्या वेळात समोरचा मनातलं सगळं बोलून मोकळा होत असणार, असा आपला माझा तर्क. १९६५ साली, धान्याची ओढाताण असताना, त्यांनी पुण्यात जाहीरपणे सांगितलं की दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या. फास घेऊन कुणी गेलं नाही. संकरित ज्वारी मात्र शेतोशेती गेली. वर्गात मान ताठ ठेवायला शिकवतात, पणाला लावायला नाही.

बाकी आम्ही सगळे, "तुमी व्हा पुढं भाऊ, आमी आहोच ना जी मांगं!" या पंथाचे.

परवा कॉलनीत टँकर यायचा होता. ड्रम, गुंड, बादल्या यांची झुंबड, आणि रांग कशी लावावी यावर परिसंवाद. वर्ग करून आलेले एक शेजारी पोटातून "शिस्त! शिस्त!" करत होते. त्यांचा ड्रम दुसरा होता. पहिला ज्यांचा, त्या काकूंनी पदर खोचला, आपला ड्रम ओढत नेला आणि सगळ्यांच्या शेवटी ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. हळूहळू बायकांनी बादल्या मागं सरकवल्या, मग पुरुषांनीही. टँकर येईपर्यंत रांग सरळ झाली होती.

शेजारी मात्र अजून सांगतात, की बघा, आवाज पोटातून काढला की कसं होतं ते!