रनिंगभाऊ

सोयाबीन घरात आलं आणि दसरा तोंडावर आला की मंगरूळपीरच्या रस्त्यांवर हार घातलेल्या मोटारसायकली दिसू लागतात. हेडलाइटवर कुंकवाचं स्वस्तिक, टायरला चिरडलेल्या लिंबाची साल चिकटलेली, सीटवरचं प्लॅस्टिक जसंच्या तसं. गाडीवाल्याच्या तोंडातला पेढा विरघळायच्या आत एक माणूस कुठून तरी उगवतो, इंजिनवर हात ठेवतो, डोळे मिटतो आणि विचारतो, "किती झाली?"

किती म्हणजे किलोमीटर. किंमत, मायलेज, हप्ता या गोष्टींत रनिंगभाऊला रस नाही. गाडी 'रनिंगमध्ये', म्हणजे पहिल्या हजार किलोमीटरांत, आहे की नाही एवढंच त्याला पाहिजे. बारा, असं उत्तर आलं की त्याचा चेहरा उजळतो. म्हणजे अजून नऊशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर हा पोरगा त्याच्या ताब्यात.

"चाळीसच्या वर नेऊ नोको. चाळीस म्हंजे चाळीस. इंजिन बसलं पायजे."

रनिंगभाऊची स्वतःची गाडी राजदूत. सध्या तिच्यावर कोंबड्या बसतात. पण त्याचं सगळं शास्त्र तिच्यातून आलेलं आहे, आणि ते अगदीच हवेतलं नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळायचं पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑईलमधून. नवी गाडी दामटली, तापली, की पिस्टन जाम. ती भीती त्याच्या हाडात बसली. पुढे 1985 मध्ये फोर-स्ट्रोक हिरो होंडा सीडी 100 आली, 1994 मध्ये स्प्लेंडर आली, 2020 मध्ये बीएस-6 आलं आणि स्प्लेंडरचा कार्बोरेटरसुद्धा गेला. चाळीस मात्र राहिले.

समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातून, शेलूबाजारजवळून गेला, त्यावर दुचाकीला मनाई. हा नियम आपल्याशी बोलूनच केला असावा, अशा समाधानानं तो ते सांगतो.

गाडी आली की दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचं मंदिर, दोन्हीकडे तो स्वतः घेऊन जातो. दोन्हीकडे दाखवून आणली की वॉरंटी पक्की. त्यानंतर नियमांचं वाचन. त्यातला सगळ्यात कडक नियम: रनिंगमध्ये डबलसीट नाही. बायको नाही, आई नाही, मित्र तर नाहीच. याला अपवाद फक्त रनिंगभाऊचा, कारण इंजिनाचा आवाज मागच्या सीटवरूनच नीट ऐकू येतो. असे आवाज ऐकत ऐकत तो कारंज्याची लग्नं, वाशिमची कोर्टाची तारीख आणि अकोल्याचे दातांचे डॉक्टर, सगळं उरकून येतो. एसटीचं तिकीट त्यानं शेवटचं कधी काढलं हे कंडक्टरलाही आठवणार नाही.

सासरकडून 'भेट' आलेली गाडी असेल तर तो विशेष लक्ष घालतो. जावयाला बाजूला घेऊन म्हणतो, "पयले हजार किलोमीटर दोघायनंबी आवाज वाढवू नोका."

पहिली सर्व्हिसिंग हा त्याचा सण. मेकॅनिकच्या आधी तो हजर. ऑईल डब्यात पडू लागलं की त्यात बोट बुडवतो, अंगठ्यावर चोळतो आणि उन्हात धरतो. काळ्या ऑईलमध्ये बारीक चकचक दिसते. "हे पाय, लोखंड! चाळीसनं चालवली म्हून एवढंच निघालं." वस्तुतः ते निघणारच असतं. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ठेवलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून घासून चपखल बसतात आणि झिजलेला चुरा ऑईलबरोबर बाहेर पडतो. पण उन्हात चमकणारा अंगठा समोर असताना हे कोण ऐकतो?

यंदा एका पोट्ट्यानं घोटाळा केला. त्यानं गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचलं! चारचौघांत, पानटपरीसमोर, त्यानं ते उघडलं. दामटू नका हे खरंच होतं, पण एकाच वेगानं तासन्‌तास चालवू नका, कमी-जास्त करत राहा, असंही त्यात लिहिलेलं. म्हणजे चाळीस म्हंजे चाळीसचा निकालच लागला. टपरीवर चुना मळणारे हात थांबले. सगळे रनिंगभाऊकडे पाहू लागले.

त्यानं पुस्तक हातात घेतलं, मागून-पुढून पाहिलं, परत दिलं.

"हे दिल्लीत बसून लिवलं राजेहो. त्यायले आपले रस्ते कुठं मालूम! आपल्या इथं गड्डेच वेग कमी-जास्त करतेत, माणसानं चाळीसच धरा लागते."

पोट्टा गप्प झाला. रनिंगभाऊनं सीटवरचं प्लॅस्टिक हातानं पुसलं आणि मागं टांग टाकली.

"तरी तुह्या मनात शंका नोको. चाल, कारंज्यालोक कमी-जास्त करून पाहू. तसंबी माह्यं तिथं काम हाय."