ट्विटर सोडणाऱ्यांचं जाहीर निवेदन

नोव्हेंबर २०१९मध्ये आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींनी ट्विटरला रामराम ठोकला. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद झालं होतं. कारण काय, तर नाझी सलामीसाठी हात न उचललेल्या माणसाचा १९३६चा फोटो! संताप रास्तच होता. मंडळी मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच दुसऱ्या समाजमाध्यमाकडे निघाली. निरोप मात्र ट्विटरवरूनच दिला, आणि त्याला लाइक किती पडले हे बघायला दर दहा मिनिटांनी तिथेच डोकावणंही आलं.

मॅस्टोडॉनवर पहिलाच प्रश्न: सर्व्हर कुठला? इथे मालक एक नाही. सोसायट्या अनेक, प्रत्येकीची नियमावली वेगळी, सेक्रेटरी वेगळा. जाहिराती नाहीत. पोस्ट आल्या त्या क्रमाने दिसतात, कोणी मधे लुडबुड करत नाही. एवढी वर्षं हेच तर मागत होतो! पण दोन दिवसांत भलतीच शांतता जाणवू लागली. इथे भांडण स्वतः शोधावं लागतं. ट्विटरवर ते घरपोच मिळायचं.

हळूहळू बरेच जण गुपचूप परतले. परतीचं निवेदन कोणी काढलं नाही.

२०२२मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतलं, तेव्हा पुन्हा धावपळ. जुना पासवर्ड कोणाला आठवेना. मग नवं खातं उघडलं आणि परिचयात ठसक्यात लिहिलं: ‘२०१९पासून मॅस्टोडॉनवर.’