उंबरमाळीची मागणी शून्य

मुंबई लोकलच्या कसारा लाइनवर, शहापूर तालुक्यात, खर्डी आणि कसाऱ्याच्या मधे उंबरमाळी नावाचा थांबा आहे. फलाट नव्हता तेव्हाही इथे लोकल थांबायची आणि माणसं खडीवरून दांड्याला लोंबकळत डब्यात चढायची. 2021 पर्यंत इथे तिकीट खिडकीच नव्हती. खिडकी नाही म्हणून विक्री नाही, विक्री नाही म्हणून कागदावर प्रवासी नाही. एखाद्या प्रामाणिक माणसाने तिकीट काढलंच तर ते खर्डीचं किंवा कसाऱ्याचं. म्हणजे मागणी वाढायची ती त्यांची. तेव्हा इतकी वर्षं उंबरमाळीला चढणारी ती भुतंच असावीत, आणि त्यांना हात देऊन वर ओढणारीही भुतंच.

आता शास्त्राकडे वळू. रस्ता कुठे हवा, गाडी कुठे हवी, कुठल्या जमिनीवर घरं होऊ द्यायची, हे ठरवायला तज्ज्ञ प्रवासी मागणीचं मॉडेल बनवतात. मूळ पद्धत 1950 च्या दशकातल्या अमेरिकेतली, शिकागोसारख्या शहरांतली. चार प्रश्न: फेऱ्या किती, कुठून कुठे, कशाने आणि कुठल्या वाटेने. त्यातला दुसरा प्रश्न बहुतेकदा न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीवर सोडवतात. वस्ती मोठी तर ओढ जास्त, अंतर मोठं तर ओढ कमी. एका दाखल्यासाठी आसनगावला उतरून रिक्षाने शहापूरला जाणारा आणि साहेब रजेवर म्हणून परवा पुन्हा जाणारा माणूस न्यूटनला माहीत नव्हता. मॉडेल त्याला ‘इतर कामे’ या रकान्यात टाकतं. फेऱ्या वाढल्या, म्हणजे त्याच्या हिशेबी तालुक्याचा विकासच झाला!

मुंबई महानगर प्रदेशाचा ‘ट्रान्सफॉर्म’ नावाचा जाडजूड वाहतूक अभ्यास 2008 साली झाला. शहापूर आणि मुरबाड तालुके या प्रदेशाच्या हद्दीबाहेर. खडवली स्टेशन सोडलं की हद्द संपली. हद्दीबाहेरचा माणूस अशा मॉडेलांत हद्दीवरच उगवतो. म्हणजे उंबरमाळीचा माणूस सकाळी खडवलीपाशी एकदम प्रकट होणार आणि रात्री तिथेच अंतर्धान पावणार. पुढे तो कुठे राहतो, अंधारात रूळ ओलांडून किती चालतो, ही त्याची खासगी बाब. पाण्याला मात्र हद्द लागत नाही. इथल्या तानसा-भातसा धरणांचं पाणी मोजूनमापून थेट मुंबईच्या नळाला पोचतं. मुरबाडकरांची तर आणखी मजा. त्यांची रेल्वे अजून भाषणांतूनच धावते, तेव्हा तिचे प्रवासी मोजायचे तर सभेतल्या खुर्च्या मोजाव्या लागतील.

घरोघरच्या पाहणीची गंमत वेगळीच. पाहणीवाले येतात कोरड्या दिवसांत, चिखल नको म्हणून. त्याच दिवसांत इथली कातकरी कुटुंबं बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. दाराला कडी. नोंद काय होणार? घर बंद, फेऱ्या शून्य. वर्षातला सगळ्यात लांबचा प्रवास केलेलं घर तक्त्यात सगळ्यात स्थिर ठरतं.

मॉडेल तपासायचं कसं, तर आज दिसणाऱ्या गर्दीशी त्याचे आकडे ताडून. ते जुळले की मॉडेल पास. पण आजची गर्दी म्हणजे आज मिळालेल्या गाड्यांत मावलेली माणसं. जी चढू शकली नाहीत, जीपवाल्याला जास्तीचे पैसे देऊन गेली किंवा मुकाट घरी बसली, ती कुठल्याच बाजूला नाहीत. मग ठरतं: प्रवासी कमी, गाडी वाढवायची गरज नाही.

हीच मॉडेलं शहरात आली की भलतीच दिलदार होतात. मुंबईच्या मोनोरेलला कागदावर रोज लाखाच्या वर प्रवासी होते; 2014 ला ती सुरू झाली आणि वर्षानुवर्षं वीस हजारांच्या आसपास घुटमळली. अभ्यासक बेंट फ्लायबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2005 साली जगभरचे रेल्वे प्रकल्प तपासले, तर दहातल्या नऊ प्रकल्पांत प्रवाशांचा अंदाज फुगवलेला निघाला. म्हणजे जिथे गाडी आणायचीच असते तिथे नसलेले प्रवासी दिसतात, आणि जिथे आणायची नसते तिथे फलाटावर उभे असलेलेही दिसत नाहीत.

तेव्हा पुढच्या पाहणीला येणाऱ्या साहेबांना विनंती. भट्ट्या पेटायच्या आत या, पावसात आलात तरी चालेल. तुमच्या प्रश्नावलीत ‘काल तुम्ही कुठे कुठे गेलात?’ असा प्रश्न असतो. त्याच्या खाली आणखी एक घाला: ‘काल कुठे जायचं होतं आणि जाता आलं नाही?’ उत्तराला जागा मात्र जरा जास्त सोडा.