अहवाल सुटला, कैदी आत!

जामीन मंजूर झाला. मग माणूस अजून आत का?

कारण जामीनदार नाही. रोख जामीन भरायला पैसे नाहीत. भिवंडीत यंत्रमागावर राबणाऱ्या परप्रांतीय पोराने इथला जामीनदार आणायचा कुठून? त्याला ओळखणाऱ्या चौघांकडे रेशनकार्डही इथलं नाही. एखादा तयार झालाच, तर त्याने ऐपतीचा दाखला आणायचा, तो खरा आहे की नाही याची पडताळणी व्हायची, आणि तेवढ्यात त्याची रोजी बुडालेली. दुसऱ्या खेपेला तो येतच नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची (एनसीआरबी) २०२२ ची आकडेवारी: देशभरात ५ लाख ७३ हजार कैदी, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे. चारांतल्या तिघांवरचा गुन्हा अजून शाबित व्हायचाय.

यावर परिसंवादात ठरलेलं वाक्य येतं, ‘सखोल अभ्यासाची गरज आहे.’

अहो, अभ्यास झालाय! १९६१ मध्ये झालाय.

लुई श्वाइट्झर नावाच्या उद्योगपतीने आणि हर्बर्ट स्टर्झ नावाच्या संपादकाने न्यूयॉर्कमध्ये ‘मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट’ उभा केला. कायद्याचे विद्यार्थी थेट आरोपींसमोर जाऊन बसले. राहतोस कुठे? किती वर्षं? काम काय करतोस? घरी कोण आहे? आधीचा गुन्हा? उत्तरांची खातरजमा करून त्यांनी कोर्टाला सांगितलं, याला पैसे न घेता सोडा. कोर्टाने सोडलं. बहुतेक सगळे तारखेला हजर राहिले.

माणसाला तारखेला हजर करतात त्याचं घर आणि त्याचं काम. पैशांची गरजच पडली नाही.

आपल्याकडे हे कुणाला ठाऊक नव्हतं का? चांगलंच ठाऊक होतं. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या हुसैनारा खातून खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांबद्दल लिहिताना याच प्रयोगाचा दाखला दिला. त्याच्या आदल्याच वर्षी मोतीराम नावाच्या गरीब गवंड्याला १० हजारांचा जामीनदार मागितला गेला होता. भाऊ उभा राहिला, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ते चूक ठरवलं.

त्यालाही पंचेचाळीसहून अधिक वर्षं झाली. आजही जामीनदार ‘लोकल’च लागतो.

संशोधन म्हणजे काय, हे मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या (‘टिस’) ‘प्रयास’ने १९९० पासून दाखवलंय. त्यांचे समाजकार्यकर्ते तुरुंगात जातात, कैद्याच्या घरी निरोप पोचवतात, वकिलाला गाठतात, कागद गोळा करतात. अभ्यास त्या कामातून निघतो. असे कार्यकर्ते प्रत्येक तुरुंगात नेमायला सरकारला कुणी अडवलंय?

पैसा नाही, हे सांगू नका. २०२४ मध्ये महाराष्ट्राने पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी काढली, नागपूरचं आयआयएम सोबत घेऊन. गुन्हेगार हुडकायला विद्वान मिळतात. जामीन मिळूनही अडकलेला हुडकायला?

त्याला तर हुडकायचीही गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगून ठेवलंय: जामीन मंजूर झाल्यावर सात दिवसांत सुटका नाही झाली, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावं. गरीब कैद्यांचा जामीन भरायला केंद्राची योजनाही त्याच वर्षी आली, कच्च्या कैद्यामागे ४० हजारांपर्यंत.

म्हणजे नाव कळवायची सोय आहे, पैशांची सोय आहे. मधलं धावपळ करणारं माणूस तेवढं नाही. आणि तेच सरकारच्या कुठल्या निविदेत मागितलेलं दिसत नाही.

म्हणून गृहखात्याला तुरुंग सुधारणेसाठी सल्लागार नेमायचा असेल, तर जरूर नेमावा. विद्यापीठाचा असो की खासगी. करारात एकच कलम वाढवावं: जामीन मंजूर होऊन महिना उलटलेल्या प्रत्येक कैद्याचं नाव, त्याच्या घरच्यांचा पत्ता आणि अडलेला कागद कोणता, हे आधी द्यायचं. मानधनाचा शेवटचा हप्ता त्या यादीतले सगळे घरी पोचल्यावर.